पाचव्या गोळीनंतर

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात मर्डो रेनीचं पार्सल आलं. बुटांच्या खोक्यात, जाड लोकरी मोज्यात गुंडाळलेला रायफलचा सायलेन्सर, आणि सोबत एक चिठ्ठी. अक्षर मोठं आणि सरळ, पाटीवर गिरवल्यासारखं.

‘नोएलिन, तुझा डबा परत पाठवतोय. तक्रार काही नाही. दीड वर्षात याने मला एकदाही दगा दिला नाही. माझेच डोळे आता साथ देत नाहीत, म्हणून बंदूक ठेवून दिली. चांगली वस्तू कपाटात गंजलेली मला बघवत नाही. ज्याच्या उपयोगी पडेल त्याला दे. मर्डो.’

सायलेन्सरला आमच्याकडे सगळे डबाच म्हणतात. वाइमाटेत घरामागच्या शेडमध्ये मी सोळा वर्षं हे डबे बनवतेय. त्याआधी दूध पावडरच्या कारखान्यात लेथवर होते. माझे वडील ससे मारून मारून पन्नाशीतच ठार बहिरे झाले. आई त्यांना जेवायला बोलवायची ती जमिनीवर पाय आपटून, म्हणजे त्यांना हादरा कळेल. लेथ हाताशी आल्यावर मी पहिला डबा केला तो त्यांच्यासाठीच, पण तोवर त्यांना त्याचा काही उपयोग उरला नव्हता. पुढे शेजाऱ्यांनी मागितले, मग दुकानांनी.

चिठ्ठी वाचून मला बरंही वाटलं आणि वाईटही. मर्डो म्हणजे आमच्या डोंगरांतला नावाजलेला नेमबाज. मेंढ्यांच्या तोंडचं गवत खाणाऱ्या वॉलबी मारायला सरकारने जी माणसं नेमली होती, त्यांत त्याने एकतीस वर्षं काढली. वॉलबी म्हणजे कांगारूचं धाकटं भावंड, दिसायला गोजिरवाणं, पण शेतकऱ्याला विचारा. निवृत्त झाल्यावरही लेकीच्या कुरणावर आठवड्यातून दोनदा तो जायचाच. जनावर पडलं पाहिजे ते जागच्या जागी, त्याला कळायच्या आत, असा त्याचा नेम होता, दोन्ही अर्थांनी. गावात म्हणायचे, मर्डोची एका जनावरावर दुसरी गोळी कुणी ऐकलेली नाही.

डबा आठवडाभर तसाच बाकावर पडून होता. कुणाला द्यायचा तर आधी तपासायला हवा. एरवी मी तीन गोळ्या झाडते, तिन्ही एका जागी लागल्या की झालं. गावाबाहेर खडीची जुनी खाण आहे, मागे उंच मातीची भिंत आहे, आणि मालकाने मला तिथे चाचणी करायला मुभा दिलेली आहे. आमच्याकडे ऋतू उलटे, ऑगस्ट म्हणजे ऐन हिवाळा; त्या दिवशी चार दिवसांच्या धुक्यानंतर ऊन पडलं होतं. माझी रायफल, दहा गोळ्या, शंभर मीटरवर कागद. तीन झाल्या, तिन्ही एका नाण्याखाली झाकल्या जातील अशा. घरी जाऊन करायचं तरी काय, म्हणून मी उरलेल्याही झाडायला घेतल्या.

चौथी बरोबर. पाचवी दोन बोटं डावीकडे गेली. सहावी चार बोटं. आठवी खाली आणि डावीकडे, चांगली वीतभर.

हात गारठलेत माझे, असं मी मनाशी म्हटलं. थर्मासमधला चहा प्यायले, हात बगलेत धरून बसले. अर्ध्या तासाने डबा गार झाला होता. परत दहा झाडल्या. चार नेमक्या, पाचवीपासून पुन्हा तेच. मग मी डबा काढून बाजूला ठेवला, कानांवर आवाज अडवणारे कानटोप चढवले आणि नुसत्या नळीने दहा झाडल्या. दहाही एका जागी.

तिन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवून मी बराच वेळ बसून राहिले. ऊन चांगलं होतं, खाणीच्या कडेला एक ससाणा फिरत होता. कागदांवर जे होतं ते एखाद्या शाळकरी मुलालाही वाचता आलं असतं. गार डबा सरळ मारत होता आणि तापला की भरकटत होता. हरणांच्या शिकाऱ्याला हे कधीच कळणार नाही. तो दिवसभर चालतो, एक गोळी झाडतो, फार तर दोन. वॉलबी मारणारा मात्र एका संध्याकाळी पंधरा-वीस झाडतो.

घरी येऊन वही काढली. प्रत्येक डब्यावर मी आकडा ठोकते आणि तो वहीत लिहून ठेवते. मर्डोचा डबा गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीतला, चौदा डब्यांच्या खेपेतला. पान उघडलं. त्याच वर्षी जानेवारीत मी पन्हाळ साफ करताना शिडीवरून पडले होते. डावं मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. एप्रिलमध्ये हरणांचा माज सुरू होतो, त्याआधी सगळ्यांना डबे हवे असतात. त्यात मर्डोची लेक मोरॅग स्वतः दारात येऊन उभी राहिली होती. “बाबांचा पंचाहत्तरावा आहे मार्चमध्ये. एक कान गेलाय, उरलेला तरी वाचू दे. करून देच.”

डब्याचं पुढचं झाकण डब्याच्या बाहेरच्या नळीला जोडताना पूर्ण गोल वेल्डिंग करावं लागतं. उजव्या हाताने वेल्डिंगची टॉर्च धरायची आणि डाव्या हाताने डबा संथ फिरवत राहायचं. डावा हात प्लास्टरमध्ये. मग मी गोल शिवण न मारता प्रत्येकाला तीनच टाके घातले. हात बरा झाला की सगळे परत मागवू आणि नीट करून देऊ, असं तेव्हा ठरवलं होतं. हात बरा झाला. एकही तक्रार आली नाही. मी विसरले होते असं म्हणणार नाही. आठवायचं टाळलं होतं.

मर्डोचा डबा व्हाइसच्या जबड्यात घट्ट धरून मी उभा चिरला. आत एकामागोमाग एक सहा शंकू बसवलेले असतात, त्यांच्या मधल्या भोकातून गोळी जाते आणि धूर-वाफ तिथेच अडकून आवाज मरतो. तीन टाक्यांपैकी एक सरळ तुटला होता. बाहेरून काही दिसत नव्हतं. डबा तापून लांबला की झाकण एका बाजूने ढिलं पडायचं आणि त्याला लागून असलेला शंकू तिरका व्हायचा. त्याच्या आतल्या कडेवर एक चकचकीत ओरखडा होता. गोळी तिथे घासून जात होती. आणखी काही दिवस असंच चाललं असतं, तर एखाद्या दिवशी गोळी नुसती घासली नसती, आदळली असती.

मर्डोकडे मी लगेच गेले नाही. आधी त्या खेपेतल्या बाकीच्यांना गाठायला फोन घेऊन बसले. धोका होता म्हणून, हे खरंच आहे. पण अनोळखी माणसांना सांगणं सोपं होतं, हेही तितकंच खरं.

दोन दिवस लागले. काही डबे हातोहात विकले गेले होते, एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून मेहुण्याकडे. तुआटापेरेचा देस होरोमोना फोनवरच हसायला लागला. “अगं बाई, तुझा डबा नदीत पडला होता माझा. अकरा दिवसांनी सापडला. उलटा केला तर आतून झिंगा बाहेर आला. दुसऱ्याच दिवशी त्यावर हरीण पाडलंय मी! आणि तू म्हणतेस खराब आहे?”

“सलग किती गोळ्या झाडतोस?”

“सलग? मी काय लढाईवर जातो का? एक झाडतो.”

“मग तुला कळणार नाही. पाठवून दे.”

“झिंगाही पाठवू?”

टिमरूचा एक जण अडून बसला. चांगला चाललेला डबा कशाला काढून देऊ, नवा देतेस तर आधी नवा पाठव, मग जुना देतो. त्याला अर्धा तास समजावलं. शेवटी म्हटलं, “हे बघा, डाव्या हाताने तुम्ही रायफल कुठे धरता? डब्याच्या मागेच ना? मग त्या हातासाठी तरी पाठवा.” दुसऱ्या दिवशी डबा कुरियरने हजर.

ओमारामाजवळ पर्ल नावाच्या एक बाई सशांवर डबा वापरत होत्या. वय साठीच्या आसपास असावं. त्यांनी माझं सगळं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “म्हणजे चष्म्याचा दोष नव्हता तर.”

“कुठल्या चष्म्याचा?”

“मी नवा केला ना. गेल्या हिवाळ्यात. तरी तेच. मग तो बदलून दुसरा केला. डोळेवाला म्हणाला, बाई, तुम्हाला काय दिसायचं राहिलंय ते तरी सांगा!” आणि त्या हसल्या. मला हसू आलं नाही.

पर्लबाईंशी बोलून झाल्यावर मी गाडी काढली आणि मर्डोकडे गेले.

मोरॅगच्या कुरणाच्या टोकाला त्याचं छोटं घर आहे. तो पडवीत बसून कुत्रीच्या पट्ट्याला नवं बक्कल शिवत होता. मला बघून उठला.

“ये पोरी. या बाजूला बस, उजवीकडे. डावा कान नुसता शोभेचा आहे. डबा मिळाला ना?”

“मिळाला.”

“कुणाला दिलास?”

मी पिशवीतून दोन्ही अर्धे काढून टेबलावर वर्तमानपत्रावर ठेवले. तो बघतच राहिला.

“चिरलास होय? चांगली वस्तू चिरलीस की गं.”

“चांगली नव्हती, मर्डो. माझी चूक झाली. तुमच्या डोळ्यांना काहीही झालेलं नाही.”

मग मी सगळं सांगितलं. शिडी, मनगट, तीन टाके, खाणीतले तीन कागद. माझं झाल्यावर त्याने एक अर्धा भाग उचलला, पडवीच्या कडेला उजेडात नेला, ओरखड्यावरून नख फिरवलं. चष्मा घरातच होता.

“दुसराही टाका गेलाय की,” तो म्हणाला.

“दुसरा?”

“हा बघ. केसाएवढी चीर आहे.”

मी जवळ जाऊन बघितलं. होती. मला ती शेडमध्ये दिसली नव्हती. भिंग डोळ्याला लावून मी पुन्हा बघितलं, तेव्हा कुठे नीट दिसली.

तो परत येऊन बसला. बराच वेळ बक्कल हातात फिरवत राहिला. “कितव्या गोळीपासून म्हणालीस?”

“पाचव्या.”

“बरोबर. मार्चपासून मी बघत होतो. पहिली दोन-तीन जनावरं जागच्या जागी. मग घोळ. मला वाटायचं डोळे दमतात. म्हातारा माणूस दमायचाच. म्हणून मग मध्ये थांबायला लागलो, थोडा बसायचो, चहा प्यायचो. परत दोन-तीन नीट. बघ ना, डबा गार होत होता आणि मला वाटायचं मी ताजातवाना होतोय.”

“डबा काढून एकदाही मारून बघितलं नाहीत?”

त्याने माझ्याकडे असं बघितलं, की हे विचारायला नको होतं असं मला वाटलं.

“मनात आलं होतं. एकदा तर आटे सोडायलाही घेतले. मग परत आवळले. काढून मारलं असतं आणि तरी चुकलं असतं, तर? मग काय उरलं असतं?”

आत स्टोव्हवर किटली कुरकुरत होती.

“एक मादी होती,” तो म्हणाला. “मेमधली गोष्ट. जबडा उडाला तिचा. काटेरी झुडपांत शिरली. मी दोन तास शोधलं, अंधार पडला. सकाळी मोरॅगला कुत्रीने दाखवली. जिवंत होती तोवर. एकतीस वर्षांत असं माझ्या हातून झालं नव्हतं गं. त्याच दिवशी बंदूक मोरॅगच्या कपाटात ठेवून दिली.”

तेवढ्यात मोरॅगच आली. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, हातात दुधाची बाटली, मेंढ्या व्यायला लागल्या होत्या. टेबलावरचे दोन तुकडे तिने बघितले. “हा बाबांचा डबा ना?”

मर्डोनेच सांगितलं, चार वाक्यांत. माझी शिडी आणि मनगट त्याने गाळलं. मी ते भरलं.

मोरॅग खुर्ची ओढून बसली नाही. उभ्याउभ्याच म्हणाली, “मी यांना ओढत डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाली, वयाच्या मानाने उत्तम आहेत. मी गाडीत बसताना म्हटलं, हिला काय कळतंय! गाडीची किल्लीसुद्धा मागितली मी यांच्याकडे, नोएलिन. माझ्या बापाकडे. आणि बंदुकीच्या परवान्याचं काम बघणाऱ्या बाईंचा फोन आला होता गेल्या आठवड्यात, सप्टेंबरात मुदत संपतेय म्हणून. मी काय सांगितलं? म्हटलं, नका तसदी घेऊ, त्यांचं आता झालं सगळं.”

“तू तसं सांगितलंस?” मर्डोने विचारलं.

“तुम्हीच म्हणालात ना बाबा, झालं म्हणून!”

“मी म्हणालो. पण तू सांगितलंस हे मला माहीत नव्हतं.”

मोरॅगचा चेहरा लाल झाला. ती माझ्याकडे वळली. “आणि तू? हात मोडला होता तर नाही म्हणायचं होतंस ना. मी ‘करून देच’ म्हटलं, बरोबर आहे. पण माझ्या तोंडावर प्लास्टर धरून नाही म्हणायचं होतंस.”

“हो,” मी म्हटलं. “म्हणायला हवं होतं.”

ती बाटली घेऊन गेली. कुंपणाचं फाटक तिने जरा जोरातच लावलं.

“येईल ताळ्यावर,” मर्डो म्हणाला. “मेंढ्या व्यायच्या दिवसांत ती अशीच असते. चीज रोल खाणार? सकाळचे आहेत, पण तव्यावर गरम करतो.”

मी दोन खाल्ले. निघताना म्हटलं, नवा डबा करून देते, पूर्ण शिवणीचा, खाणीत येऊन मारून बघा. तो मान हलवून म्हणाला, “नको. आता नको.” मी पुन्हा विचारलं नाही.

पुढच्या आठवड्यात उरलेले डबे येत राहिले. मी एकेक चिरत गेले. चौदापैकी तेरा हाती लागले. त्यांत मर्डोचा आणि पर्लबाईंचा असे दोन तुटलेले, एकाला चीर गेलेली, बाकी दहा धडधाकट. झिंगावाला डबा सगळ्यात धडधाकट. पण तीन टाके ते तीन टाके, सगळे भंगारात गेले. सगळ्यांना नवे करून पाठवले, आणि तेव्हापासून प्रत्येक डब्याची चाचणी वीस गोळ्यांची करते, सलग, हात भाजेपर्यंत. दुकानांत आणि शिकारी क्लबांच्या पत्रकांत सूचना लावायला दिली, माझ्या नावानिशी. क्लबच्या सेक्रेटरीने विचारलं, “‘काही तांत्रिक कारणाने’ असं लिहू का?” मी म्हटलं, “नाही. ‘वेल्डिंग अपुरं केलं होतं’ असं लिहा.” त्या उन्हाळ्यात मागणी जवळजवळ निम्म्यावर आली. ते धरूनच चालले होते.

मर्डोचा फोन आला तो त्या भेटीनंतर नवव्या दिवशी. हवापाण्याबद्दल बोलला, कुत्रीबद्दल बोलला. मग म्हणाला, “शनिवारी वारा नसेल म्हणतायत.”

“नसेल,” मी म्हटलं. “दहा वाजता?”

“दहा चालेल.”

शनिवारी मोरॅगच त्याला घेऊन आली. रायफल तिच्या गाडीत, मर्डो शेजारी टोपी मांडीवर ठेवून. मोरॅग मला नुसतं “मॉर्निंग” म्हणाली. मी नवा डबा दिला. मर्डोने आटे पुसले, डबा हाताने फिरवत बसवला, शेवटी हलकासा आवळला. टेबलाशी बसला, कोपर टेकले, मग परत उठला आणि कोट काढून मोरॅगकडे दिला. परत बसला. त्याचे हात स्थिर होते, पण मानेवरची शीर उडताना मला दिसत होती.

पहिली गोळी झाडायला त्याला इतका वेळ लागला, की मोरॅगने माझ्याकडे बघितलं. मग आवाज झाला, दारावर पुस्तक आपटल्यासारखा. मी दुर्बिणीतून बघत होते. “मधोमध,” मी म्हटलं.

“सांगू नकोस,” तो म्हणाला. “शेवटी बघू.”

पाचवी आली. सहावी. डब्यावरची हवा तापून थरथरायला लागली, नेम हलता दिसू नये म्हणून मी त्यावर कापडी आवरण चढवून दिलं. आठवी, दहावी. मोरॅग कोट छातीशी धरून उभी होती. ती मनात मोजत होती, तिचे ओठ हलत होते. पंधरावी झाल्यावर मर्डोने मान बाजूला करून डोळे मिटले, दोन श्वास घेतले. सतरावी. अठरावी झाडली आणि मला दुर्बिणीत दिसलं, तीन बोटं खाली. एकोणिसावी ठीक. विसावी परत खाली.

मी उठून डब्याकडे हात नेला.

“हात लावू नकोस, भाजेल,” मर्डो म्हणाला. “आणि बघायची गरजही नाही. त्या दोन माझ्या आहेत.”

“पण दोन खाली गेल्या हे तुम्हाला कसं कळलं? मी तर बोललेच नाही.”

“चाप ओढतानाच कळलं. अठराव्याला श्वास सुटला, विसाव्याला घाई केली.” त्याने टोपी डोक्यावर ठेवली. “आपलं चुकलं की आतून कळतं गं. मार्चपासून जे चुकत होतं ते कळतच नव्हतं, तीच तर भीती होती.”

मोरॅग कागद आणायला गेली. शंभर मीटर जाऊन परत यायला किती वेळ लागतो! ती फार सावकाश आली. कागद तिने टेबलावर पसरला. अठरा छिद्रं वाटीच्या तोंडाएवढ्या जागेत, दोन खाली वेगळी. ती बघत राहिली, मग कागदाची नीट घडी घालून खिशात ठेवायला लागली.

“मला दे तो,” मर्डो म्हणाला.

“नाही. हा मी परवान्याच्या बाईंना दाखवणार आहे.”

“त्या दोनसकट?”

“त्या दोनसकटच.”

त्या बाई सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आल्या. नियमाप्रमाणे त्यांनी मर्डोशी वेगळं बोलून घेतलं आणि मोरॅगशी वेगळं. मोरॅगने आधी फोनवर जे सांगितलं होतं ते मागे घेतलं, का ते सांगितलं. मर्डोने आपणहून सांगितलं, की मी एका बैठकीत पंधराच झाडीन, त्यापुढे नाही, आणि शंभर मीटरच्या पलीकडे झाडणार नाही. हे त्याला कुणीच विचारलं नव्हतं. ऑक्टोबरमध्ये परवाना आला. गाडीची किल्ली तर त्याने कधी दिलीच नव्हती. मोरॅगने मागितली, त्या दिवशी त्याने ती पिठाच्या डब्यात लपवली होती, हे त्याने मला नंतर सांगितलं.

नोव्हेंबरात एकदा मी त्याच्याबरोबर डोंगरावर गेले. उतारावर पिवळी काटेरी झुडपं फुलली होती, मेंढ्यांची पिल्लं आयांच्या मागे ओरडत होती. चार वाजल्यापासून सहापर्यंत त्याने अकरा गोळ्या झाडल्या आणि अकरा वॉलबी पडल्या, एकही उठली नाही. मग बाराव्या वेळी त्याने रायफल खांद्याला लावली, बराच वेळ धरली आणि खाली घेतली.

“का?” मी विचारलं.

“पिशवीत पिल्लू आहे वाटतं. की नसेल. नक्की दिसेना.” त्याने बोल्ट उघडून गोळी काढली. “नक्की दिसत नसेल तर मारायचं नाही. चल, चहा पिऊ.”

मोरॅग अजून माझ्याशी मोजकंच बोलते. दुकानात भेटली तर मान हलवते. तिचा राग माझ्यावर आहे की स्वतःवर, हे मी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. नाताळच्या आदल्या आठवड्यात मात्र दारात स्ट्रॉबेऱ्यांची एक पाटी ठेवलेली दिसली. चिठ्ठी नव्हती. तशी पाटी आमच्या गावात कुणीही ठेवतं.

चौदावा डबा काही सापडत नव्हता. वेस्ट कोस्टकडे कुठेतरी गेला एवढंच कळलं होतं. त्या पाटीनंतर दोनच दिवसांनी एका माणसाचा फोन आला. नाव सांगितलं नाही, आवाजावरून सत्तरीचा असावा. हॉटेलात चिकटवलेली सूचना वाचली म्हणाला.

“तो डबा माझ्याकडे आहे. पण त्याला काही झालेलं नाही हं बाई.”

“किती गोळ्या झाडल्या असतील त्यातून?”

“एक.”

“एकच? जवळजवळ दोन वर्षांत?”

“हो. झाडली, आणि आवाजच आला नाही. मला काही मजा नाही वाटली. काढून ड्रॉवरमध्ये ठेवून दिला.”

मी डोळ्यांतलं पाणी पुसलं. हसून हसून आलं होतं ते, बरेच दिवसांनी. “ड्रॉवरमधून काढा आणि पाठवून द्या,” मी म्हटलं. “नवा पाठवू ना बदल्यात?”

“छे छे,” तो म्हणाला. “त्याऐवजी थोडं मोठ्याने वाजणारं काही असेल तर बघा.”